डावं, उजवं आणि खोडद

पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे (टोमॅटो मार्केट ही तिसरी, पण ते असो). पहिली म्हणजे तमाशा. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची यात्रा कमिटीची माणसं येऊन सुपारी देतात. दुसरी म्हणजे जवळच खोडदला असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशेसची.

आता तुम्ही म्हणाल, आजचा विषय तर कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडून स्टिरिओ रेकॉर्डिंग करण्याचा, मग खोडद मध्येच कुठून आलं? सांगतो. खोडदला जे मोठ्या प्रमाणावर चालतं, तेच आपण घरच्या टेबलावर छोट्या प्रमाणावर करतो.

सुरुवात पेटीपासून करू. पॅरिसच्या दबॅं यांनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे ती भारतात आली, हाताने भात्याने वाजवायची झाली, संगीत नाटकांत शिरली आणि तमाशाच्या संगीत बारीतही बसली. सगळ्यांना ती आवडली असं मात्र नाही. पट्ट्या ठरलेल्या, त्यामुळे दोन सुरांमधली मींड काढता येत नाही, या आक्षेपावरून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज मोठ्या फडांत ढोलकी-हलगीच्या शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड दिसतात.

स्टिरिओची गोष्ट लंडनची. ॲलन ब्लमलाईन या इंजिनिअरने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटचा अर्ज केला. कल्पना साधी होती. आपल्या दोन कानांपर्यंत आवाज पोचायच्या वेळेत किंचित फरक असतो, जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास. त्यावरून आणि दोन्ही कानांतल्या आवाजाच्या कमी-जास्तपणावरून मेंदू दिशा ओळखतो. म्हणून दोन चॅनल हवेत, आणि दोघांचं घड्याळ एकच हवं.

ही घड्याळाची अट फार महत्त्वाची. समजा डावीकडे एक यूएसबी माईक लावला आणि उजवीकडे दुसरा. दोघांच्या आत आपापलं घड्याळ. दोन्हींत दहा लाखांत फक्त ५० चा फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदांची तफावत पडते. ढोलकी दोनदा वाजल्यासारखी ऐकू येईल! म्हणून दोन इनपुट असलेला एकच ऑडिओ इंटरफेस घ्या.

खोडदला हाच प्रश्न ३० पट. प्रत्येक डिशमधून दोन ध्रुवणांचे दोन चॅनल, म्हणजे एकूण ६०. काही डिशेस मध्यापासून सुमारे चौदा किलोमीटर लांब. सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि वेळ जुळवून एकत्र होतात. २०१० च्या आसपास तिथे हे काम सॉफ्टवेअरवर आलं. सिग्नलचे आकडे करणारी कार्डं, आणि पुढे कॉम्प्युटरचा क्लस्टर. म्हणजे आपल्या साऊंड कार्डाचा थोरला भाऊच की!

साऊंड कार्डावरून आठवलं. १९८९ चा पहिला साऊंड ब्लास्टर मोनो होता. स्टिरिओ आला १९९१ च्या 'प्रो'मध्ये. लॅपटॉपचं माईकचं भोक अजूनही बहुधा मोनोच असतं. कीबोर्डच्या मागे डावं आणि उजवं असे दोन जॅक असतात. दोन्हींतून वायर काढून इंटरफेसच्या दोन लाईन इनपुटमध्ये घाला, सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅक निवडा, झालं. फक्त डावाच जोडलात तर बऱ्याच कीबोर्डांवर दोन्ही मिसळून मोनो येतो.

घूंऽऽ असा ५० हर्ट्झचा आवाज आला तर समजा, कीबोर्ड आणि लॅपटॉप यांच्या अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण झालंय. मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स घातला की वर्तुळ तुटतं. १९८३ साली आलेल्या मिडीने हा प्रश्न मुळातच सोडवला होता. तिथे इनपुटला ऑप्टोकप्लर असतो. सिग्नल प्रकाशाने पलीकडे जातो, विजेची वायर थेट जुळतच नाही.

मिडी आणि ऑडिओ यांची गल्लत मात्र करू नका. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ ऑडिओ सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे जवळपास ४५ पट. मिडीमध्ये आवाज नसतोच. कोणती पट्टी, कधी, किती जोराने, एवढीच नोंद असते. ती पुढे कोणत्याही वाद्याच्या आवाजात वाजवता येते.

हे सगळं कशासाठी? फडातला वादक रात्रभर जे वाजवतो, ते सकाळी राहुटीबरोबर गुंडाळलं जातं. मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत लाऊडस्पीकरचा कल्ला जास्त आणि बोटं कमी. कीबोर्डचे दोन चॅनल, ढोलकीला वेगळा माईक आणि सोबत मिडीची फाईल एवढं ठेवलं, तर तीस वर्षांनी एखाद्या पोराला ती जागा नेमकी कशी घेतली हे बसून शिकता येईल. आजच्या इंटरफेसला चार इनपुट सहज मिळतात, त्यामुळे हे काम स्टुडिओशिवाय, वादकाच्या गावी जाऊन करता येतं.

शेवटचा सल्ला टिकण्याबद्दल. जुन्नरच्याच नाणेघाटात सातवाहनांच्या लेण्यात यज्ञातल्या दानांचे आकडे कोरले आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांत त्यांची गणना होते. दोन हजार वर्षांनीही ते वाचता येतात, कारण ते दगडात आहेत. आपले आकडे हार्ड डिस्कवर आहेत आणि ती कधीही बसू शकते. तेव्हा फाईल साध्या वेव्ह फॉरमॅटमध्ये ठेवा, नावात गाव, तारीख आणि वादकाचं नाव लिहा, आणि दोन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा. त्यातली एक वादकाच्याच घरात.