देशपांडे नगरात घरचे इंटरनेट घेताय? आधी आपल्या गल्लीत चौकशी करा

हुबळी : सवाई गंधर्व सभागृह आणि गंगूबाई हनगल यांचे ‘गंगालहरी’ हे घर यांमुळे देशपांडे नगर संगीतप्रेमींना ठाऊक आहे. पण आई-वडील इथे आणि मुले पुण्यात किंवा बंगळूरला, अशा घरात आता रोजचा प्रश्न वेगळाच असतो : रात्रीचा व्हिडिओ कॉल नीट लागेल का? बँकेचे काम, पेन्शनची कागदपत्रे, नातवंडांचे ऑनलाईन क्लास हे सगळे एकाच तारेवर चालते. म्हणून ही निवड घाईने करू नये.

पर्याय कोणते?

साधारण तीन. पहिला, फायबर. यात काचेची बारीक तार थेट घरात येते. बीएसएनएल, जिओ, एअरटेल या कंपन्या ही सेवा देतात. दुसरा, एअरफायबर. एअरटेल आणि जिओ या दोघांनी ही सेवा २०२३ मध्ये सुरू केली. यात मोबाईल टॉवरवरून सिग्नल येतो व घरावर किंवा खिडकीशी उपकरण बसवतात. तार ओढणे शक्य नाही तिथे हे सोयीचे, पण टॉवरवर गर्दी वाढली की वेग उतरू शकतो. तिसरा, गल्लीतला केबलवाला. तो ओळखीचा असतो, हाक मारली की येतो. मात्र तो कोणत्या परवानाधारक कंपनीची सेवा देतो, हे विचारून घ्यावे.

इंटरनेट परवान्याचे अ, ब आणि क असे तीन वर्ग आहेत. ‘अ’ परवाना देशभर चालतो, ‘ब’ एका दूरसंचार सर्कलपुरता, तर ‘क’ त्याहून लहान भागापुरता. कर्नाटक हे एक सर्कल, महाराष्ट्र-गोवा दुसरे. त्यामुळे हुबळीहून बेळगावला घर हलवले तर कनेक्शन सोबत नेता येण्याची शक्यता असते. कोल्हापूर किंवा सांगलीला गेल्यास बहुतेक वेळा नवे घ्यावे लागते. बदली होणाऱ्यांनी हे आधीच विचारावे.

वेगाचा हिशेब

जाहिरातीतले ‘१०० एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाईट नव्हेत, १०० मेगाबिट. आठाने भागले की साडेबारा मेगाबाईट उरतात. १ जीबीची फाईल उतरायला त्या वेगाने सुमारे ८० सेकंद लागतात. सरकारी व्याख्येनुसार २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच ब्रॉडबँड म्हणता येते. चांगल्या व्हिडिओ कॉलला ३ ते ४ आणि एचडी सिनेमाला सुमारे ५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे चौघांच्या घराला ५० ते १०० एमबीपीएस पुष्कळ झाले. घरून काम करणाऱ्यांनी अपलोडचा वेगही विचारावा, कारण काही प्लॅनमध्ये तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो.

‘अनलिमिटेड’ शब्दालाही मर्यादा असते. फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीची सीमा आहे, म्हणजे दिवसाला ११० जीबी. साध्या घराला ती जाणवत नाही. एअरफायबरची सीमा साधारण १,००० जीबी असते. सीमा ओलांडल्यावर वेग किती उरतो, ते लेखी मागावे.

खरा खर्च

समजा प्लॅन ५९९ रुपयांचा आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की महिन्याला ७०६ रुपये ८२ पैसे होतात. वर्षाला जवळपास ८,४८२ रुपये. शिवाय बसवणूक आणि राऊटरचे डिपॉझिट असते. कनेक्शन बंद केल्यावर डिपॉझिट परत मिळणार का आणि राऊटर कोणाचा, हे पावतीवर लिहून घ्या. सहा महिने किंवा वर्षभराचे पैसे एकदम भरले तर सूट मिळते, पण सेवा बिघडली तर ते पैसे अडकतात. मोबाईल नंबरसारखी पोर्टेबिलिटी घरच्या इंटरनेटला नाही. म्हणून पहिले दोन-तीन महिने महिन्यागणिक भरावे, अनुभव बघावा, मग वर्षाचे ठरवावे.

करंट गेला की?

हेस्कॉमचा करंट गेला की फायबरचा डबाही बंद पडतो. त्यावरून चालणारा लँडलाईन फोनही लागत नाही. राऊटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो. घरात एकटे वयस्कर माणूस असेल तर तो घ्यावाच. खरेदीआधी डब्यावरचा व्होल्ट आणि अँपिअर तपासावा. जुन्या घरांच्या जाड भिंतीतून वाय-फाय नीट जात नाही, म्हणून राऊटर कोपऱ्यात न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर बसवून घ्यावा.

तक्रार कुठे?

तक्रार केली की डॉकेट क्रमांक घ्या. तो नसेल तर पुढे काहीच सिद्ध होत नाही. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, त्याला फी नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे लिहिता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतील, असे स्पष्ट केले आहे.

पैसे भरण्याआधी

वर-खाली राहणाऱ्या दोन घरांत विचारा : रात्री नऊला वेग किती मिळतो, पावसात तार तुटली तर माणूस किती दिवसांनी येतो? एकाच कंपनीची सेवा एका गल्लीत उत्तम आणि पुढच्या गल्लीत रडतखडत असू शकते. शेजारच्या अनुभवाइतकी भरवशाची माहिती दुसरी नाही.