हँडलवरचे ओझे आणि उताराची वाट

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराचा रस्ता जेथे फुटतो, ते हातखंबा. या तिठ्यावरून एक वाट पश्चिमेला समुद्राच्या दिशेने उतरत रत्नागिरीला जाते. महामार्ग पालीकडे निघतो आणि पालीहून कोल्हापूरचा रस्ता आंबा घाटाच्या दिशेने वळतो. चढ, उतार आणि वळणे यांचाच हा मुलूख. येथील उतार अवजड वाहनांच्या अपघातांमुळे वारंवार बातम्यांत येतो. सायकलस्वाराची परीक्षा मात्र वेगळी असते. सपाटीवर विसरलेली हँडलवरची पिशवी या उतारावर पहिल्याच वळणाला आपले अस्तित्व जाणवून देते.

याचे कारण सायकलच्या रचनेत आहे. हँडल, चिमटा आणि पुढील चाक हे तिन्ही मिळून एकच भाग होतो आणि तो सांगाड्यातील एका तिरप्या आसाभोवती फिरतो. या भागावर ठेवलेले वजन हँडलबरोबर फिरते. सांगाड्यावर ठेवलेले फिरत नाही. डबलसीट जाताना दांडीवर बसवलेले मूल बाजाराच्या पिशवीपेक्षा कितीतरी जड असते, तरीही सायकल वळवताना पिशवीच अधिक त्रास देते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. मुलाचा भार सांगाड्यावर असतो, पिशवीचा हँडलवर.

वजन किती, यापेक्षा ते आसापासून किती दूर, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाच किलोची पिशवी आसापासून ३० सेंटीमीटरवर असेल, तर ती १५ सेंटीमीटरवर आणताच हा विरोध एक चतुर्थांश होतो. लांबवर टांगलेल्या ओझ्यामुळे हँडल वळायला उशीर लावते आणि एकदा वळले की परत यायलाही तितकाच उशीर लावते. पिशवी लोंबती असेल तर तिचे झोके निराळेच. चालण्याच्या वेगाने चढ चढताना हँडल सतत एका बाजूला कलंडू पाहते, तेही याच भारामुळे.

तथापि पुढील वजन सर्वथा वाईट, असे मात्र नाही. सायकल स्वतःचा तोल कशी सांभाळते, याचे श्रेय पूर्वी फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणधर्माला दिले जाई. पुढील चाक आसाच्या किंचित मागे टेकत असल्यामुळे त्याच्यामागे ओढले जाते, हे दुसरे कारण मानले जाई. नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका प्रायोगिक दुचाकीची माहिती दिली. तिच्यात ही दोन्ही कारणे काढून टाकली होती, तरीही ढकलून दिल्यावर ती स्वाराविना आपला तोल सावरीत असे. तिच्या पुढील भागाचे वजन आसाच्या पुढे आणि मागील भागाच्या वजनापेक्षा खाली ठेवलेले होते. सायकल कलली की हे वजन हँडलला त्याच बाजूला वळवते आणि चाके तोलाखाली येतात. म्हणजे भार पुढे असणे हा दोष नव्हे. तो उंच, लांब आणि सैल असणे हा दोष.

फ्रान्समधील लांब पल्ल्याच्या सायकलींच्या कारागिरांनी पुढील पिशवी गृहीत धरूनच चिमट्याची वाकण वाढवली. आस जमिनीला जेथे भिडतो, त्या बिंदूपासून चाक टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर नेहमीच्या सायकलीत साधारण ५५ ते ६० मिलिमीटर असते. तेथे ते ३० ते ४० वर आणले गेले. युरोपातील मालवाहू सायकलींत तर पुढची टोपली सांगाड्यालाच जोडलेली असते. हँडल वळते, टोपली वळत नाही. नवख्याला हे काही काळ चमत्कारिक वाटते. मुंबईचे डबेवाले कॅरिअरप्रमाणे हँडललाही डबे अडकवतात, पण त्यांची मुंबई बहुतांशी सपाट आणि वेगही बेताचा.

उतारावर सारे गणित बदलते. एकूण वजन वाढल्याने थांबण्यास अधिक जागा लागते, आणि ब्रेक लावताच भार आणखी पुढे सरकतो. मागील चाक हलके होऊन लवकर घसरते. त्यामुळे केवळ मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवणाऱ्याची फसगत होते. जुन्या पद्धतीच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेकची पकड फारच कमी होते आणि कोकणात पाऊस चार महिने असतो. वेगात हँडल थरथरू लागले तर ते घट्ट आवळून उपयोग नाही. दोन्ही गुडघ्यांनी दांडी दाबून धरावी आणि वेग हळूहळू कमी करावा. हँडलचे छर्रे सैल असल्यास ही थरथर लवकर सुरू होते.

सर्वांत मोठा धोका मात्र अगदी साधा आहे. लोंबती पिशवी स्पोकमध्ये गेली की पुढील चाक जागीच अडकते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून ओझे पुढेच न्यायचे असेल तर ते दोन समान भागांत, चाकाच्या आसाच्या उंचीवर, चिमट्याला लागून पक्के बांधावे. जड जिन्नस मागच्या कॅरिअरवर ठेवावेत. पालीहून किंवा निवळीहून येणाऱ्याने बांधलेले ओझे तिठ्यावर थांबून एकदा हलवून पाहावे. पुढे रत्नागिरीपर्यंत उतार आहेत.