गुमास्त्यांची भाषा

'जालना सोने का पालना' ही म्हण आपण कौतुकाने सांगतो. पण त्या पाळण्याची दोरी कोणाच्या हाती होती, हे सहसा विचारत नाही. दूरच्या पेठांशी व्यवहार करायचा तर मालकाने दर वेळी जातीने जाणे अशक्य होते. काम गुमास्ते आणि आडते करीत आणि त्यांच्यामध्ये बोले ती हुंडी.

हुंडीची भाषा साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी वाचावी. हुंडी म्हटले की आपल्याला नरसी मेहताच आठवतो, पण पेढीवरची हुंडी भक्तीवर विसंबत नसे. तीत रक्कम आकड्यांत, मग अक्षरांत आणि पुन्हा 'निमे'च्या रूपाने लिहीत: हजार रुपये, निमे पाचशे, त्याचे दुप्पट. लबाडी करणाऱ्याला तिन्ही ठिकाणी खाडाखोड करावी लागे. हुंडी वाटेत हरवली तर 'पेठ' लिहीत, तीही गहाळ झाली तर 'परपेठ'. आधीचीचा उल्लेख पुढचीत असल्याने पैसे एकदाच दिले जात. हुंडी सकारली की देणे लागू होई. सकारणाऱ्याच्या मनात काय होते, हे कोणी विचारीत नसे.

हे सारे आठवले ते संगणकातील स्वायत्त गुमास्त्यांमुळे, म्हणजे मालकाच्या वतीने परस्पर बोलणी करणाऱ्या प्रणालींमुळे. त्यांच्यासाठी 1990 च्या दशकात केक्यूएमएल ही भाषा तयार झाली. 1996 मध्ये स्थापन झालेल्या फिपा या संस्थेने दुसरी घडवली. दोन्हींचा पाया आपल्या वर्गात रूक्ष ठरलेला ऑस्टिन-सर्ल यांचा वाक्कृतिसिद्धान्त! विनंती, निवेदन, होकार अशा उक्तींचे प्रकार त्यांनी तिथूनच उचलले. मात्र फिपाने निवेदनाचा अर्थ बोलणाऱ्याच्या श्रद्धेत आणि हेतूत शोधला. परक्याने रचलेल्या यंत्राची श्रद्धा तपासायची कशी? मुनिंदर सिंग यांनी 1998 मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. अर्थ मनात नव्हे, चारचौघांत पत्करलेल्या बांधिलकीत शोधावा, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते पेढीवाल्यांनी हे केव्हाच ओळखले होते.

एप्रिल 2025 मध्ये गूगलने जाहीर केलेला ए-टू-ए हा संकेत परस्परांच्या अंतरंगात डोकावत नाही. काम स्वीकारले, चालू आहे, पूर्ण झाले, फसले, अशा अवस्था तो कळवतो. फसलेल्या कामाची भरपाई कोणी करायची, हे त्यात लिहिलेले नाही. हुंडीसोबत कधी कधी 'जिकरी चिठ्ठी' जात असे. ज्याच्यावर हुंडी काढली त्याने ती नाकारली, तर चिठ्ठीत नाव असलेल्या तिसऱ्या पेढीने ती सकारावी, अशी तीत विनंती असे.