नाडी न लागणारा हात

आपल्याकडे वैद्य असो की एमबीबीएस डॉक्टर, पहिल्यांदा मनगट धरतो. पण मनगटात नाडीच लागली नाही तर? माणूस समोर धडधाकट बसलाय, बोलतोय, आणि डाव्या हाताला नाडी नाही. असे रुग्ण खरंच असतात. त्यांच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं प्रकरण आपल्या निगडी-चाकणपासून काही तासांवर, मुंबईत परळला लिहिलं गेलं. या शनिवारी त्याबद्दल.

आधी थोडं प्लंबिंग. कॉलर बोनच्या खालून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी म्हणजे सबक्लेवियन आर्टरी. ती अरुंद झाली की हाताला रक्त कमी पोचतं. उतारवयात याचं कारण बहुधा चरबीचा थर असतो. सिगरेट, डायबेटिस वगैरे नेहमीचे यशस्वी कलाकार. पण विशी-तिशीतल्या मुलींमध्ये? तिथे गोष्ट जपानला जाते.

१९०८ साली ताकायासू नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र जाळं पाहिलं. तशाच इतर रुग्णांच्या मनगटात नाडी लागत नाही, हे त्याच्या दोन सहकाऱ्यांनी सांगितलं. बिघाड डोळ्यात नव्हताच, वर जाणारी 'लाइन' तुंबली होती! महाधमनी आणि तिच्या फांद्यांच्या भिंतींना सूज येऊन त्या आतून अरुंद होत होत्या. १९५१ मध्ये जपानी डॉक्टरांनीच या आजाराला 'पल्सलेस डिसीज' म्हटलं.

आता परळ. केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन सर्जन होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे बर्नार्डच्या पहिल्या हृदयरोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, भारतातलं पहिलं हृदयरोपण त्यांनीच केलं. रुग्ण काही तासच जगला. सेन यांचं नाव निघालं की सगळे तेवढंच सांगतात. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते, डॉ. जी. बी. परुळकर आणि त्यांचे सहकारी या अरुंद धमन्यांच्या मागे लागले होते. १९६३ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा पेपर आला, आणि १९७३ मध्ये १०१ रुग्णांच्या अभ्यासावरचं आख्खं पुस्तक मुंबईतून प्रसिद्ध झालं.

त्यांनी आजाराला नाव दिलं 'नॉनस्पेसिफिक ऑर्टोआर्टरायटिस'. किचकट आहे, पण प्रामाणिक आहे. कारण माहीत नाही म्हणून 'नॉनस्पेसिफिक'. आणि 'पल्सलेस' का नाही? कारण जपानमध्ये मुख्यतः हाताच्या आणि मानेच्या फांद्या तुंबत, तर आपल्याकडे बऱ्याच जणांत पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या. नाडी लागते, पण बीपी आभाळाला भिडलेलं. म्हणजे बग तोच, लक्षणं वेगळी. फक्त मनगट धरून बसलं तर निम्मे रुग्ण हातून सुटतील, असा याचा सरळ अर्थ.

टीबीशी याचा संबंध असावा, ही शंका आपल्याकडे जुनी आहे. ती आजही पक्की सिद्ध झालेली नाही.

दरम्यान १९६०-६१ मध्ये आणखी एक गंमत सापडली. डावी सबक्लेवियन सुरुवातीलाच तुंबली, तर पुढे दाब पडतो. मग मेंदूकडे जाणारं रक्त त्याच बाजूच्या मानेतल्या धमनीतून उलटं फिरून हातात उतरतं. सोसायटीत एकाने नळाला मोटर लावली की शेजारच्याचा नळ कोरडा पडतो ना, अगदी तसं. हाताने जोरात काम केलं की चक्कर येते. डॉक्टर याला 'सबक्लेवियन स्टील' म्हणतात. हे स्टील म्हणजे चोरी, पोलाद नव्हे. चाकणकरांनी गोंधळू नये :)

उपाय? आधी बायपास: मानेतल्या धमनीपासून हाताच्या धमनीला जोड द्यायचा. १९६४ मध्ये अमेरिकेत डॉटरने पायाची धमनी आतून नळी घालून रुंद केली, सत्तरच्या दशकात ग्रुंटझिगने फुगा आणला, १९८० च्या सुमारास तो सबक्लेवियनपर्यंत पोचला, आणि पुढे स्टेंट आले. ताकायासूमध्ये मात्र आधी स्टेरॉइड वगैरे औषधांनी सूज शांत करतात. सूज असताना फुगा फुगवला तर धमनी पुन्हा आक्रसण्याची भीती जास्त.

निदानासाठी आज डॉपलर आहे, सीटी अँजिओ आहे. पण पहिली टेस्ट जवळपास फुकट आहे: दोन्ही हातांचं बीपी. ताकायासू ओळखण्यासाठी १९९० मध्ये अमेरिकेत जे निकष ठरले, त्यातला एक हाच की दोन हातांच्या वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक.

आणि इथेच मला आपल्या बेल्टची काळजी वाटते. कंपनीत वर्षाला मेडिकल चेकअप होतो, रांग लांब असते, जो हात पुढे येईल त्याला पट्टा. मी पाहिलेल्या प्रत्येक कॅम्पमध्ये एकच हात. डावी सबक्लेवियन अरुंद असलेल्या माणसाने डावा हात पुढे केला तर? १७० चं बीपी १३० दिसेल, फॉर्मवर 'फिट' पडेल, आणि तो नाइट शिफ्टला जाईल. मशीन खोटं बोलत नाही. ते फक्त त्या हाताचं बीपी सांगतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या चेकअपला एकदा दुसराही हात पुढे करा. फरक मोठा दिसला तर घाबरू नका, पुन्हा मोजून घ्या आणि तरीही तसाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा. आणि पुढचं बीपी ज्या हातात जास्त येतं, त्याच हाताचं धरा. सोमवारी ऑफिसात एवढं एकाला सांगितलंत तरी पुरे.