पूना डिव्हिजन आणि अबादानचं तेल

रात्रपाळीत ऑइलिंगसाठी साचा थांबला की दहा मिनिटं मोकळी मिळतात. मग मोबाइल निघतो. कुठल्यातरी देशावर विमानं चाललेली असतात. जोडीदार म्हणतो, तिकडच्या लोकांना सोडवायला गेलेत म्हणं. मला हसू येत नाही. सोडवायला गेलेली एक फौज आपल्या पुण्याच्याच नावाची होती.

1914 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी आखाताच्या तोंडाशी फाओला फौज उतरवली. नाव सहावी पूना डिव्हिजन. 103, 110, 117 नंबरच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कारण सांगितलं, तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं उतरला. ते खोटं नव्हतं. पण फाओच का? तर शेजारी अबादान, तिथं अँग्लो-पर्शियन कंपनीची रिफायनरी. आरमार कोळशावरून तेलावर येत होतं आणि त्याच 1914 साली इंग्रज सरकारनं या कंपनीचे 51 टक्के शेअर घेतले होते. म्हंजे मालकच फौज घेऊन कारखान्याच्या गेटावर उभा.

22 नोव्हेंबरला बसरा हातात आलं. तेल राखलं गेलं, तरी हाव बगदादची. बगदादच्या दारातून डिव्हिजन मार खाऊन मागं फिरली, कुतला वेढ्यात सापडली. पोरांनी घोडी मारून खाल्ली. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. सुमारे 13 हजार कैदी वाळवंटातून हाकलले, त्यातले हजारो मेले.

पुढं मार्च 1917 मध्ये दुसऱ्या फौजेनं बगदाद घेतलं. जनरल मॉडनं जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला नाही, मुक्त करायला आलोय. 1920 ला हेच मुक्त झालेले लोक उठले, तर त्यांच्यावर विमानातून बॉम्ब टाकले. 1927 ला किर्कुकला तेल लागलं. 1928 चा वाटा बघा: इंग्रज, फ्रेंच, डच-इंग्रज, अमेरिकन कंपन्यांना प्रत्येकी 23.75 टक्के, उरलेले 5 गुलबेंकियन नावाच्या दलालाला. इराकला मालकीचा एक शेअर नाही.

आता आपलं. 1893 च्या सुमारास सरकारनं महारांची भरती बंद केली. का, तर ही लढाऊ जात नाही! गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 ला अर्ज लिहिला. कोण ऐकतंय? पण युद्धानं माणसं खाल्ली तशी 1917 मध्ये 111 नंबरची महार पलटण उभी राहिली. चोवीस वर्षांत आमचं रक्त बदललं होय? गरज सरली, 1921 ला पलटण मोडली. 1941 ला पुन्हा युद्ध, पुन्हा गरज. बाबासाहेबांनी रेटा लावला होताच. बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

दर 1 जानेवारीला आपण भीमाकाठी स्तंभापुढं उभे राहतो. राहावंच. 1818 चं शौर्य आपल्या माणसांचं, ते कुणी हिसकू नये. पण कंपनी सरकार काही आपल्या गळ्यातलं मडकं काढायला लढत नव्हतं. त्याला पेशव्याचा मुलूख आणि महसूल पाहिजे होता. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या आहेत, हे आपल्या सभांत मोकळेपणानं बोललं पाहिजे.

मार्च 2003 ला अमेरिका त्याच बगदादवर गेली. संहारक शस्त्रं आहेत म्हणाली, ती सापडली नाहीत. मुक्तीची भाषा मात्र मॉडचीच. तिनं भारताकडंही सैन्य मागितलं होतं. जुलै 2003 मध्ये दिल्लीनं नाही म्हटलं.

सकाळी पाळी सुटते तेव्हा एमआयडीसीच्या रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं भेटतात. इंदापूरकडची, दौंडकडची. निम्मी आपल्याच वस्तीतली.