श्रद्धेचे सांगाती

पंढरीच्या वाटेनें वारकरी सहसा एकटा चालत नाहीं. त्याची दिंडी असते. एकाचा पाय दुखला तर दुसरा त्याची पडशी खांद्यावर घेतो, एकाचा आवाज बसला तर दुसरा अभंग पुढें चालवितो. श्रद्धा ही अंतरींची वस्तु खरी, परंतु ती पोसली जाते ती मेळ्यांत, हें आपल्या लोकांनीं फार पूर्वीं ओळखलें आहे. मग ज्यानें नव्या श्रद्धेसाठीं जुना मेळाच सोडला, त्यानें आपले सांगाती कोठें शोधावे? एकोणिसाव्या शतकांतील मराठी ख्रिस्ती माणसापुढें हा प्रश्न उभा होता. त्याचें उत्तर दोन-तीन चरित्रांच्या आधारें शोधावें, असा आज माझा विचार आहे.

त्या काळीं बाप्तिस्मा म्हणजे केवळ मतांतर नव्हे. आप्त तुटत, पंक्ति बंद होई, ओळखीचें दार लागे. म्हणून मनानें पुढें गेलेला मनुष्यहि पाऊल उचलतांना कचरे. इ. स. १८४९ मध्यें मुंबईंत स्थापन झालेली परमहंस सभा हें याचें बोलकें उदाहरण आहे. ही सभा ख्रिस्ती नव्हती. जातिभेद मोडावा असें वाटणाऱ्या तरुणांची ती गुप्त मंडळी होती. बंद दाराआड ते एकत्र जेवीत आणि दाराबाहेर आले कीं पुन्हा आपापल्या जातींत मिसळून जात. पुढें १८६० च्या सुमारास सभेचीं कागदपत्रें चोरीस गेलीं, सभासदांचीं नांवें फुटणार अशी भीति पसरली, आणि सभा विसकटली. भीतीच्या पायावर जमलेला मेळा भीतीनेंच मोडला.

याच सभेंत बाबा पदमनजी हे बेळगांवचे तरुण वावरले होते. गुप्त सोबतीनें त्यांचें समाधान झालें नाहीं. १८५४ सालीं बेळगांवीं त्यांनीं उघडपणें बाप्तिस्मा घेतला, आणि पुढील आयुष्य लेखनांत वेंचलें. विधवांच्या दुःखाविषयीं त्यांनीं लिहिलेलें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचें. जवळचे सोबती दुरावले असतां लेखणीच्या द्वारें दूरचे सोबती कसे जोडावे, हें त्यांच्या चरित्रांत दिसतें.

आतां नारायण वामन टिळकांकडे वळूं. त्यांचा जन्म १८६१ चा, कोंकणांतला. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाची गांठ पडली. त्यानें जातां जातां बायबल हातीं दिलें. टिळकांनीं तें वाचावयास घेतलें आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशीं ते खिळून राहिले. पण शंका कोणास विचाराव्या? घरीं बोलण्याची सोय नव्हती. तेव्हां नांव गुप्त ठेवून त्यांनीं एका ख्रिस्ती नियतकालिकाशीं पत्रव्यवहार आरंभिला. सांगात्याचा शोध तो असा, कागदावर आणि टोपण नांवानें, सुरू झाला! १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवशीं त्यांस एक मंडळी लाभली, आणि घर मोडलें. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन माहेरच्या माणसांच्या आश्रयास राहिल्या. पुढें त्या टिळकांकडे अहमदनगरास आल्या, त्याहि आपलें सोंवळें, आपलें पाणी, आपली चूल निराळी ठेवून. एका छपराखालीं दोन धर्म नांदूं लागले. टिळकांनीं बळजबरी केली नाहीं. जात देवानें केली कीं माणसानें, या प्रश्नाशीं लक्ष्मीबाई स्वतःच झगडल्या आणि स्वतःच्याच बुद्धीनें निर्णयास पोंचल्या. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे कीं, या पांच वर्षांत दोघांनींहि किती सोसलें. सर्वांत जवळचा सांगाती सर्वांत शेवटीं मिळाला. पण तो मिळाला तो आज्ञेनें नव्हे, धीरानें.

तरीहि टिळकांच्या मनास एक रुखरुख होती. मिशनच्या आवारांत आश्रय होता, शाळा होती, वेतन होतें. परंतु तेथील उपासनेस पुष्कळ ठिकाणीं परक्या चालींचा वास येई. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा आणि देशी चालींचा पायंडा आधींच पाडला होता. टिळकांनीं तो राजमार्ग केला. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशीं आलों, ही त्यांची भावना होती. त्यांचीं भजनें मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजहि गाइलीं जातात. टाळ वाजूं लागला म्हणजे कुणब्याची म्हातारी आणि शिकलेला शास्त्री एकाच ओळीवर डोलूं लागतात; जें प्रवचनास साधत नाहीं, तें एका ध्रुपदास साधतें.

१९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेहि ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येथें बंधुभावानें एकत्र यावे, ही कल्पना. नाना शंकांनीं घेरलेला, दाराशीं घुटमळणारा, टोपण नांवानें पत्रें लिहिणारा जो तरुण ते एके काळीं स्वतः होते, त्याच्यासाठींच जणूं हें दार त्यांनीं उघडें ठेविलें. दुर्दैवानें ९ मे १९१९ रोजीं ते निवर्तले, आणि संस्था म्हणून दरबाराचें मूळ खोल गेलें नाहीं.

मग तो प्रयत्न वाया गेला काय? मला तसें वाटत नाहीं. टिळकांच्या मागें त्यांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. जिनें एके काळीं पतीच्या हातचें पाणी वर्ज्य मानिलें, तिनेंच त्याच्या हातून गळलेली लेखणी उचलली. दिंडींत एकाचा आवाज बसला कीं दुसरा अभंग पुढें चालवितो, असें मीं आरंभीं म्हटलें होतें. श्रद्धेचा सांगाती म्हणावयाचा तो याहून निराळा काय असतो?