कराची ते जुहू : सव्वासात तासांची वाट

मीरा रोडच्या फलाटावर गाडीची वाट बघत असताना डोक्यावरून विमान गेलं, तर आज कुणी मान वर करत नाही. पण १९३२ साली इथं मिठागरं होती, भातखाचरं होती, आणि विमान म्हणजे अपूर्वाई होती.

त्या वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीहून निघाले. विलायतेचं टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानानं कराचीपर्यंत येई. तिथून मुंबईला आणायचं तर आगगाडीला कच्छचं रण टाळून मारवाडातून वळसा घ्यावा लागे. टाटांचं ‘पस मॉथ’ विमान एका इंजिनाचं, वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. रेडिओ नाही, वाट दाखवणारं यंत्र नाही. वाटेत अहमदाबादला उतरून पेट्रोल भरायचं. हे पेट्रोल आलं कशातून, ठाऊक आहे? बैलगाडीतून! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. पुढं मद्रासपर्यंतची कामगिरी नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकानं केली.

शिक्षकमित्रांनो, मुलांना नकाशावर दोरा ताणून दाखवा. कराची ते अहमदाबाद सुमारे ६०० किलोमीटर, अहमदाबाद ते जुहू सुमारे ४४०. हा दुसरा दोरा वसईच्या खाडीवरून, उत्तन-भाईंदरच्या अंगावरून खाली उतरतो. म्हणजे आपल्या मीरा रोडच्या शेजारूनच. मग कराचीहून मुंबईला सरळ दोरा ताणा. तो भरतो पावणेनऊशेच्या आसपास. अंतर हे असं असतं, पण वेळ इंजिनावर, पेट्रोलवर आणि हवेवर ठरतो. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांना आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

या टपालसेवेतूनच पुढं एअर इंडिया उभी राहिली. १९४८ च्या जूनमध्ये तिचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. १९६० साली जेट आलं. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवलं, तेही तसल्याच जुन्या धाटणीच्या छोट्या विमानातून!

आता एक गंमत, खरं तर गंमत नव्हे. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराची-मुंबई म्हणजे एका इलाख्यातली दोन बंदरं. आज जेट विमानाला हे अंतर दीड तासाचं. पण दोन्ही शहरांत थेट विमान नाही, आणि २०२५ साली दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशही बंद केलं. कराचीत कुणाचा सोयरा असेल, तर त्याला दुबईवरून यावं लागतं. तो दोरा तीन हजार किलोमीटरांच्या वर जातो. हवेत पाचेक तास जातात. त्यात दुबईला दुसऱ्या विमानासाठी तीन तास बसावं लागलं, की बैलगाडीतल्या पेट्रोलवर उडालेलं ते पस मॉथ आधी पोचलं असतं.